नववीच्या वह्यांतले 'पण' आणि 'कारण' कुठे गेले?

चौथी_तासिका

मिरजेजवळच्या एका शाळेत मी एकोणीस वर्षं मराठी शिकवते. धागा बराच लांबणार आहे, चहा घेऊन बसा.

दिवाळीनंतर नववीला निबंध दिला, 'पूर आला तेव्हा'. ही मुलं २०१९ च्या ऑगस्टमध्ये सात-आठ वर्षांची होती. कृष्णेचं पाणी त्यांनी स्वतःच्या डोळ्यांनी बघितलंय, कुणी पत्र्यावर बसून, कुणी बोटीत बसून. म्हटलं, या विषयाला गाईड लागणार नाही. एका मुलाची वही जशीच्या तशी उतरवते:

"पाणी आलं. सगळे वरच्या मजल्यावर गेले. लाईट गेली. बोट आली. म्हैस राहिली. खूप वाईट वाटलं."

शुद्धलेखनाची एकही चूक नाही. पण हे वाचताना डोळ्यांसमोर रील सरकत होतं. एक दृश्य, खाली तीन शब्द. पुढचं दृश्य, पुन्हा तीन शब्द. शेवटी रडका पिवळा चेहरा लावायचा तेवढा राहिला होता, तिथे त्याने 'खूप वाईट वाटलं' लिहिलं.

मधल्या सुट्टीत त्याला बोलावलं आणि विचारलं, "म्हैस सोडली नव्हती का रे?" तो म्हणाला, "दावं कापलं हुतं मॅडम, पण ती हललीच न्हाई. कारण रेडकू आत हुतं. बाबा म्हणलं, त्याला उचलून आणतो म्हणजे ही पण येईल, तवर पाणी छातीपातूर आलं."

आता सांगा, निबंध कुठला? वहीतला की तोंडातला?

त्याच्या बोलण्यात 'पण' आहे, 'कारण' आहे, 'म्हणजे' आहे, 'तवर' आहे. वहीत यातलं काहीच नाही. त्या संध्याकाळी अख्खा गठ्ठा लाल पेनने पुन्हा चाळला. आपण शाळेत अव्ययांच्या चार जाती शिकलो. त्यांपैकी क्रियाविशेषणं जागच्या जागी होती. शब्दयोगी अव्ययांचंही बरं चाललंय, ती शब्दाला चिकटूनच असतात, जातील कुठे? उभयान्वयी, म्हणजे दोन शब्द किंवा वाक्यं जोडणारी, मात्र गायब. 'आणि' सोडला तर 'तरीही' दोन वह्यांत सापडला आणि 'जरी-तरी'ची जोडी एकाही वहीत नव्हती. उलट केवलप्रयोगींचा सुकाळ झालाय. 'बापरे', 'भारी', 'खतरनाक' आणि ते पिवळे चेहरे. व्याकरणाने बघितलं तर इमोजी हे केवलप्रयोगी अव्ययच. वाक्याशी त्याचा काही संबंध नसतो, भावना उद्गारून मोकळं व्हायचं.

मोबाइलमुळे मुलांची भाषा बिघडली, हे रडगाणं मला गायचं नाही. मुलं चुका करतात याची मला फारशी चिंता नाही, ऱ्हस्व-दीर्घ माझंही चुकतं. मला वाटतं ते वेगळंच. घरात, बोलण्यात ही मुलं गोष्टी नीट जोडतात. पण दिवसभर डोळ्यांसमोर 'लिहिलेली मराठी' म्हणून जे येतं ते म्हणजे पडद्यावरचे चार शब्द. त्यामुळे लिहायचं म्हणजे असंच लिहायचं, हे त्यांच्या मनाने घेतलंय.

तुमच्या वर्गात, घरात काय दिसतं?

भाऊचा_धक्का

बाई, म्हशीचा किस्सा काळजाला लागला. बाकीचं मात्र पटलं नाही. दर पिढीच्या शिक्षकाला पुढची पिढी भाषा बुडवताना दिसते. मोडी कागदांत विरामचिन्हं तरी कुठे होती? पूर्णविराम, स्वल्पविराम मराठीत रुळवले ते मेजर कँडी या इंग्रज माणसाने. तेव्हाही कुणीतरी म्हणालं असेलच की या टिकल्यांनी आमच्या वाक्याचे तुकडे केले म्हणून. भाषा बदलते, घाबरू नका.

चौथी_तासिका

भाऊ, पूर्णविराम नव्हता हे खरंच. पण जुनी पत्रं, बखरी उघडून बघा. 'ऐसियास', 'त्याउपरी', 'येणेंकरून'. टिंब नव्हतं म्हणून जोड शब्दांवरच सगळा भार असायचा. पानभर लांब वाक्य, पण काय कशामुळे झालं ते कळायचं. माझ्या वर्गात उलटं झालंय, टिंबं सगळी आहेत आणि जोड एकही नाही.

आमदाराची_आई

हसू येईल म्हणून सांगते, नाव असं का घेतलं ते. माझा लेक मित्रांशी इंग्रजी अक्षरांत मराठी लिहितो. 'मला' लिहिताना मधला स्वर गाळतो, राहतं एम-एल-ए. रोज संध्याकाळी मला मेसेज येतो, आमदार भूक लागली.

तर मुद्दा असा की तो दिवसाला शंभर मेसेज लिहीत असेल. त्याच्या वयाची असताना मी वर्षाला दोन पत्रं लिहायचे, तीही मामाला आणि आईने सांगितली तशीच. लिहिण्याचा सराव तर माझ्यापेक्षा त्यालाच जास्त आहे ना?

चौथी_तासिका

आहे, आणि त्या लिहिण्यात विनोद असतो, टोमणे असतात, मी नाकारत नाही. पण मित्राला पुढचा-मागचा संदर्भ आधीच ठाऊक असतो. 'आला का', 'हो', 'मग', 'बघू' एवढ्यावर भागतं. अनोळखी माणसाला पहिल्यापासून समजावून सांगायची वेळ आली की तेच मूल अडखळतं. सराव आहे, पण तो समोरासमोरच्या गप्पांचा. तेवढा फक्त बोटांनी केलेला.

तळटीप

धागाकर्तीशी सहमत व्हायचं होतं, पण मोजमापाची पद्धत चुकली आहे. मराठी 'कारण' आणि 'परंतु' यांच्यावर चालतच नाही फारशी. आपली जोडणी बहुतेक वेळा क्रियापदाच्या शेपटीत असते. 'पाऊस पडल्यामुळे', 'दावं कापूनही', 'रेडकू आत असल्याने', 'घरी जाऊन, जेवून, मग'. यात उभयान्वयी अव्यय एकही नाही, तरी कार्यकारण चोख आहे. 'कारण'ने सुरू होणारी वाक्यं हल्ली वाढलीत ती इंग्रजीच्या वळणामुळे. तेव्हा वह्यांत 'कारण' कमी दिसला तर कदाचित ती मुलं तुमच्या-माझ्यापेक्षा अस्सल मराठी लिहीत असतील. '-ऊन', '-मुळे', '-ही' मोजलेत का?

चौथी_तासिका

तळटीप, तुमचा प्रतिसाद वाचून आधी राग आला, मग गठ्ठा पुन्हा काढला. रविवार गेला त्यात.

तुम्ही म्हणता ते व्याकरण बरोबर आहे आणि मी ते विसरायला नको होतं. '-ऊन' बरेच सापडले. 'बोटीत बसून गेलो', 'सामान घेऊन आलो'. म्हणजे आधी हे, नंतर ते, हा क्रम मुलांना जमतो. '-मुळे' अधूनमधून आहे, पण बहुतेक ठिकाणी 'पुरामुळे नुकसान झाले', म्हणजे बातमीतून उचललेलं. '-ऊनही', 'असूनही', 'तरी' ही मंडळी मात्र खरंच हरवलेली आहेत. म्हणून माझं म्हणणं थोडं बदलते. क्रम आहे, कारण अर्धमुर्धं आहे, आणि विरोध गेलाय. अपेक्षा एक होती आणि घडलं वेगळंच, हे सांगणारा जो सांधा, ज्याला आपण न्यूनत्वबोधक म्हणतो, तोच नाही. म्हशीच्या गोष्टीचा जीव नेमका त्याच सांध्यात होता.

निवृत्त_परीक्षक

तीस वर्षं दहावीचे पेपर तपासले. धाग्यातली तक्रार रास्त आहे, पण चोर चुकीचा पकडलाय. रील यायच्या कितीतरी आधीपासून निबंध मेलेला होता. 'पावसाळा हा ऋतूंचा राजा' हे वाक्य मी किती हजार वेळा वाचलं असेल? एका केंद्राचा गठ्ठा उघडला की चाळीस मुलांच्या आजीच्या चेहऱ्यावर एकसारख्याच सुरकुत्या. त्या निबंधांत 'जरी-तरी' भरपूर होतं बरं का. वाक्यं छान जोडलेली असायची, पण जोडणारा गाईडचा लेखक होता.

पुढे प्रश्नपत्रिकेच्या जागी कृतिपत्रिका आली, आकृतिबंध आले, चौकटी पूर्ण करा आले. घोकंपट्टी कमी व्हावी हा हेतू चांगलाच होता. पण चौकटीत दोन शब्द लिहिले की गुण मिळतो हे मुलाला कळलं, की ते तिसरा शब्द कशाला लिहील? मोबाइलवर चार शब्दांची सवय लागली म्हणता, तर चौकट त्याला शाळेनेही दिली होती.

चौथी_तासिका

सर, हे मला लागलं, कारण खरं आहे. 'मुद्देसूद लिहा' हा शेरा मीच मारत आलेय वर्षानुवर्षं. मुद्दे आले, सूद राहिला.

सातपुड्याची_शाळा

मी मेळघाटात जिल्हा परिषद शाळेवर आहे, धारणी तालुका. तुमची चर्चा वाचताना वाटतं आपण दोन वेगळ्या देशांत शिकवतो. माझ्या पहिलीतल्या लेकराच्या घरात कोरकू बोलतात. मराठी आणि कोरकू या चुलत बहिणीसुद्धा नाहीत, कोरकू मुंडा कुळातली. तेव्हा आमच्यापुढे उभयान्वयी अव्ययाच्या आधी नाम-सर्वनामाचाच डोंगर असतो.

मोबाइलने इथं काय केलं? पूर्वी सहा वर्षांचं पोर वर्गात येऊन दोन महिने नुसतं बघत बसायचं. आता नेटवर्क असलेल्या पाड्यातलं पोर येतं ते गाणी म्हणत, डायलॉग मारत. फक्त ते हिंदीत असतात. मध्य प्रदेशची हद्द जवळ, बाजार हिंदीचा, आता पडदाही हिंदीचाच. मराठी त्याला तिसरी भाषा होते आणि ती फक्त माझ्या तोंडून ऐकू येते. तुमच्या मुलांच्या पडद्यावर निदान चार शब्द तरी मराठी असतात, मॅडम.

आणखी एक. 'असर' या ग्रामीण शिक्षणाच्या पाहणीच्या २०२४ च्या अहवालात ग्रामीण भारतातल्या १४ ते १६ वयाच्या मुलांना फोनबद्दल विचारलं होतं. ८२ टक्क्यांहून जास्त मुलांना स्मार्टफोन वापरता येत होता. त्यांच्यापैकी आदल्या आठवड्यात अभ्यासाच्या कामासाठी वापरला म्हणणारे ५७ टक्के, समाजमाध्यमांसाठी म्हणणारे ७६ टक्के. लोक फक्त ७६ चा आकडा बघून कपाळाला हात लावतात. मी ५७ कडेही बघते. फोन वापरता येणारी खेड्यातली निम्म्याहून जास्त पोरं त्यावर काहीतरी अभ्यासाचं शोधतायत. ती काय शोधतायत आणि त्यांना मराठीत काय मिळतंय, हे आपल्यातल्या किती जणांनी बघितलंय?

कडक_बाबा

सरळ बंदी घाला. ऑस्ट्रेलियाने केलीच ना, १० डिसेंबर २०२५ पासून सोळाच्या आतल्यांना समाजमाध्यमांवर खातंच नाही. इन्स्टाग्रामचा नियमही तेराचा आहे, तो आपल्याकडे पाळतो कोण? पाचवीतल्या पोरीचं खातं तिची आईच काढून देते आणि नाचाचे व्हिडिओ टाकते. आणि शाळा! वृक्षारोपणाचं रील, वाचन प्रेरणा दिनाचं रील. मागे आमच्या मुलीच्या शाळेत पुस्तक हातात धरून 'वाचतानाचा' व्हिडिओ काढला, चार वेळा परत करायला लावला. पुस्तक उलटं धरलं होतं म्हणून.

आमदाराची_आई

कडक बाबा, बंदी घातली तर माझा आमदार पहिल्या दिवशी चुकीची जन्मतारीख टाकेल, आणि ते करायला त्याला मीच शिकवलेलं आहे. शेवटच्या मुद्द्याला मात्र दंडवत.

लय_भारी_भाषा

नमस्कार. मी तो शत्रू आहे. मराठी शब्दांच्या गमती सांगणारं पान चालवतो, रील बनवतो, वय २४. शिक्षक मंडळींसमोर जरा भीतभीतच लिहितोय.

बाई, 'पण' गेला म्हणता, तर आमच्या धंद्यात 'पण'शिवाय रील चालतच नाही. पहिल्या तीन सेकंदांत माणूस थांबला नाही तर सगळी मेहनत पाण्यात, म्हणून सुरुवातच अशी असते, 'हा शब्द तुम्ही रोज वापरता, पण त्याचा खरा अर्थ माहितीये का?' शॉर्ट्स आता तीन मिनिटांपर्यंत करता येतात, रीलही तसंच. तरी मी पन्नास सेकंदांच्या पुढे जात नाही, लोक थांबत नाहीत. तेवढ्या वेळात अपवाद, मतभेद, 'काही अभ्यासकांच्या मते' असलं काही बसत नाही. कापताना पहिल्यांदा तेच जातं, कबूल. पण (बघा, आलाच) माझ्या पानामुळे शब्दकोश विकत घेतला असं सांगणारे लोक रोज भेटतात.

चौथी_तासिका

शत्रू वगैरे काही नाही रे, ये, बस. माझ्या वर्गातली पोरं तुझ्यासारख्यांमुळेच 'व्युत्पत्ती' हा शब्द ओळखतात, मी एकोणीस वर्षांत ते करू शकले नव्हते.

तुझा 'पण' मात्र गळाचा 'पण' आहे. तो मासा अडकवतो. मी म्हणते तो 'पण' आपलंच बोलणं अडवतो, 'थांब, याला दुसरी बाजू आहे' म्हणतो. तू स्वतःच सांगितलंस की कापताना तोच पहिला जातो. माझ्या अख्ख्या धाग्याचा पुरावा तू एका ओळीत दिलास.

आता थोडं छळते. २७ फेब्रुवारीला मराठी भाषा गौरव दिनाचं पोस्टर टाकलं होतंस का? त्यावर ओवी कशी लिहिली होतीस?

लय_भारी_भाषा

टाकलं होतं. माझं आजवरचं सगळ्यात जास्त शेअर झालेलं पोस्टर. 'माझ्या मराठीची बोलू कौतुके, परि अमृतातेही पैजा जिंके.' काय चुकलं?

चौथी_तासिका

ज्ञानेश्वरीच्या सहाव्या अध्यायात आहे 'माझा मराठाचि बोलु कौतुकें'. म्हणजे माझं बोलणं मराठीच आहे, साधंच. परि, पण, ते अमृताशीही पैज लावून जिंकेल अशी अक्षरं मी जुळवीन. आधी नम्रता, मग 'परि', मग ती झेप. सगळी मजा त्या वळणात आहे.

आता तुझी ओळ वाच. 'मराठीची कौतुकं बोलू या, पण ती अमृतालाही जिंकते.' इथे 'पण' कशाला? कौतुकच करायचं तर मध्ये आडकाठी कसली? तो 'परि' अनाथ होऊन मध्येच उभा आहे, आणि हजारो लोकांनी ते पोस्टर पुढे पाठवताना कुणालाही तो खटकला नाही. मला हेच सांगायचं होतं, वह्यांच्या गठ्ठ्यापेक्षा चांगलं उदाहरण तू दिलंस. आणि हे करणारी पोरं नाहीत, आपण सगळे आहोत. गौरव दिनाला शुभेच्छा पाठवणारी माझ्या वयाची माणसं.

तळटीप

हे फार सुंदर पकडलंत. 'चि' हा 'च' आहे, षष्ठीचा 'ची' नव्हे. एवढ्याशा अक्षरावर ओवी उलटी झाली.

लय_भारी_भाषा

आई शप्पथ. अकरा वर्षं ही ओळ पाठ आहे, कधी लक्षातच आलं नाही. दुरुस्तीचं रील करतो. दुरुस्त्या कुणी बघत नाही हे आत्ताच सांगून ठेवतो.

एडिसनची_वहिनी

अमेरिकेतून लिहितेय, रविवारच्या मराठी शाळेत शिकवते. आमच्याकडची मुलं रीलवरून 'भारी', 'नाद खुळा', 'विषय हार्ड' उचलतात आणि आजीला व्हिडिओ कॉलवर ऐकवतात. आजीला वाटतं नातू कोल्हापूरला राहून आला. पण 'जरी-तरी' शिकवायला घेतलं की सगळे गप्प. इंग्रजीतला विरोध त्यांना सहज मांडता येतो, मराठीत फक्त उद्गार येतात. तुमचं वर्गीकरण, केवलप्रयोगी वाढले आणि उभयान्वयी गेले, इथं सहा हजार मैलांच्याही पलीकडे लागू पडतंय. वर्गात तुम्ही याचं काय करता ते सांगाल का? तक्रार कळली, औषध हवंय.

चौथी_तासिका

औषध वगैरे म्हणायचं धाडस नाही, काय केलं ते सांगते.

मोबाइल बंद ठेवून काही झालं नसतं, म्हणून तोच घेतला. मुलांनी घरी एक रील बघायचं, कुठलंही, आणि वहीत त्याच्याबद्दल पाच वाक्यं लिहायची. दुसरं वाक्य 'पण'ने सुरू झालं पाहिजे आणि चौथ्यात 'तरीही' किंवा '-ऊनही' हवं. पहिल्या आठवड्यात भयंकर आलं. 'रील छान होतं. पण मला आवडलं.' एका पोरीने मात्र लिहिलं, 'काकूंनी दोन मिनिटात पुरणपोळी केली. पण डाळ आधीच शिजलेली होती. कुणी शिजवली ते दाखवलं नाही. आमची आई पहाटे उठूनही तिची पोळी दोन मिनिटात होत नाही. म्हणून ती आता स्वतःला आळशी म्हणते.' मी ते शिक्षक खोलीत वाचून दाखवलं. कुणी काही बोललं नाही, एका मॅडमनी नाक पुसलं.

म्हशीवाल्या मुलाला पुन्हा निबंध लिहायला लावला नाही. फक्त म्हटलं, मला जे सांगितलंस ते फोनमध्ये बोल, फोन टाइप करेल. त्याने बोलून दाखवलं. फोनने एकही विरामचिन्ह दिलं नाही आणि 'रेडकू'चं 'रेड कुर्ता' केलं. मग ते वहीत उतरवताना टिंबं, स्वल्पविराम त्याने स्वतः घातले. दीड पान झालं. 'हुतं' त्याने तसंच ठेवलं, मी हात लावला नाही. निवृत्त परीक्षक सर, माझे गुण कापा हवे तर.

निवृत्त_परीक्षक

कापत नाही. मीही आयुष्यभर 'हुतं'खाली लाल रेघ मारली. आता वाटतं, निदान त्या मजकुराचा धनी कोण हे तरी आधी बघायला हवं होतं.

भाऊचा_धक्का

बाई, माघार घेतो. म्हणजे अर्धी. भाषा बदलते हे माझं म्हणणं कायम, पण पुरणपोळीवाल्या मुलीला माझा नमस्कार सांगा.

चौथी_तासिका

सांगितला. ती विचारतेय की भाऊचा धक्का हे कुणा भाऊचं नाव आहे का. तुम्हीच उत्तर द्या, मी तिला शोधायला सांगितलंय.

आणि ओवीचं पुढे काय झालं तेही सांगते. वर्गात तो 'परि' फळ्यावर काढला, दोन्ही ओळी शेजारी लिहिल्या. तास संपता संपता मागच्या बाकावरून आवाज आला, "मॅडम, आपल्या दारावर पण चुकीचंच हाय." बाहेर जाऊन बघितलं. शाळेच्या दर्शनी भिंतीवर हातभर अक्षरांत, तेलरंगात, 'माझ्या मराठीची'. एकोणीस वर्षं रोज त्या भिंतीखालून आत जाते मी.

मग औपचारिक पत्राचा घटक त्याच दिवशी घेतला. विषय, मुख्याध्यापकांना अर्ज. वर्गाने मिळून लिहिलेल्या अर्जातली दोन वाक्यं: "सदर ओवी फार वर्षांपूर्वी रंगवलेली असून ती सर्वांच्या आवडीची आहे, तरीही ती चुकीची आहे. रंगाचा खर्च वर्ग करेल, पण अक्षर ज्याचं चांगलं आहे त्यालाच लिहू द्यावं."

मुख्याध्यापक म्हणाले, गॅदरिंग होऊ दे, मग बघू. पोरांनी विचारलं, मॅडम, यात 'पण' कुठं लपलाय?